काजूचा डोंगर, गोचीड आणि ‘लोक ऐकत नाहीत’

काजूला मोहोर धरला की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात दोन गोष्टी सुरू होतात. एक म्हणजे पावणीची, म्हणजे काजूच्या लिलावाची, चर्चा, कोणता विभाग कुणी केवढ्या बोलीला उचलला त्याची. दुसरी म्हणजे वर्तमानपत्रातली माकडतापाची चौकट. रानात जाणं टाळा, अंगाला गोचिडींना दूर ठेवणारं तेल लावा, ताप आला तर आरोग्य केंद्रात या. आणि त्या चौकटीच्या शेवटी बहुतेक वेळा एक खंत असते, की लोक सहकार्य करत नाहीत.

पणजी-म्हापशाकडच्या माझ्या मित्रमंडळींना हे वाचून प्रश्न पडतो, आणि तो रास्त आहे. तेल फुकट, तपासणी फुकट, लस होती तेव्हा तीही फुकट. मग अडतंय कुठं? याचं उत्तर शोधताना आधी रोग बघू, मग कार्यक्रम आणि शेवटी डोंगराची मालकी. तापाच्या लेखात सातबाराच्या गोष्टी कशाला, असं वाटेल. थोडं थांबा.

आधी रोग

माकडताप हे आपलं बोलण्यातलं नाव. वैद्यकीय नाव क्यासनूर अरण्य रोग. क्यासनूर हे कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातलं जंगल. १९५७ मध्ये तिथं माकडं मरून पडू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांतली माणसं तापानं फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला, पहिली धास्ती पीतज्वराची वाटली. निघाला वेगळाच विषाणू, रशियाच्या जंगलात गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद. मग तो पक्ष्यांबरोबर आला की काय, या शंकेतून सलीम अलींच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या पायांत कडी घालायला सुरुवात केली. पुढं त्या कामात अमेरिकी लष्कराचा पैसा आला आणि त्यावरून आपल्याकडे चांगलाच वाद पेटला. या तापाला राजकारण पाळण्यातच चिकटलेलं आहे, एवढं सांगायला हे पुराण.

रोग पसरतो गोचिडीतून. आपण गुराच्या कानात बघतो ती टपोरी गोचीड नव्हे, तिची पिल्लं. ती मोहरीच्या दाण्याएवढी असतात आणि पावसाळा सरल्यावर रानातल्या पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या पानांत, शिरून बसतात. विषाणू असलेली गोचीड माकडाला चावली की माकड आजारी पडून मरतं. मेलेल्या अंगावर गोचिडींना काही मिळत नाही, त्या खाली उतरतात, आणि जिथं माकड पडलं ती जागा पुढं बरेच दिवस धोक्याची होते. गुरांना हा रोग होत नाही, पण मोठ्या गोचिडी गुरांच्या रक्तावर पोसल्या जातात. रानाच्या कडेला चरणारं जनावर म्हणजे गोचिडींची खानावळही आणि बिनतिकिटाची बसही. माणूस या चक्रात चुकून सापडतो. माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही.

ताप एकदम चढतो, डोकं फुटेलसं दुखतं, अंग मोडून येतं, काहींना रक्तस्राव होतो. काहींचा ताप उतरतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी उलटतो, तेव्हा मेंदूवर परिणाम दिसतो. शंभर रुग्णांतले तीन ते पाच, कधी त्याहून जास्त दगावतात. रोगावर नेमकं औषध नाही. सलाईन, ताप आणि रक्तस्रावावर नजर, वेळेवर मोठ्या इस्पितळात पोचणं, हाच उपचार.

आता कॅलेंडर बघा. रोगाचा हंगाम डिसेंबर ते मे. काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे. सत्तरीत २०१५ साली पाली गावात ताप आला तेव्हा पुण्याच्या शास्त्रज्ञांनी तपास केला, आणि रुग्ण सापडले ते मुख्यतः काजूच्या बागांत काम करणारे. पुढच्याच वर्षी घाटाच्या पायथ्याशी आपल्या शेजारच्या दोडामार्गात तेच झालं. तिथंही काजूच.

बोंडू आणि बुळबुळीत हात

गेल्या काही वर्षांत मार्चमध्ये दोनतीनदा वाळपईच्या पलीकडं माझ्या आईच्या मावसबहिणीकडे जाऊन राहिलो. मावशी सकाळी सहाला डोंगरावर असते. रात्रीत पडलेला बोंडू, म्हणजे काजूचं फळ, सकाळी उचलला तर फेणी गाळणारा भाटीवाला घेतो, दुपारपर्यंत मुंग्या लागतात, दुसऱ्या दिवशी तो आंबून जातो. ‘रानात जाणे टाळा’ हा सल्ला तिथं उभं राहून वाचला तर त्याचा अर्थ होतो, या वर्षीचं उत्पन्न टाळा.

काम असं. वाकायचं, पातेरा काठीनं बाजूला करायचा, बोंडू उचलायचा, डाव्या हातात धरून उजव्या हातानं बी पिळायची. बी एका टोपलीत, बोंडू दुसऱ्या. सकाळभर हीच हालचाल, शेकडो वेळा. पायांत स्लीपर, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली.

खिडकीत खोबरेलाच्या बाटलीशेजारी सरकारी तेलाच्या दोन बाटल्या होत्या. एक अर्धी, एक सीलबंद. हे डेपा नावाचं तेल संरक्षण खात्याच्या संशोधकांनी मुळात सैनिकांसाठी बनवलं. मी विचारलं, मावशी, लावत नाहीस का गं? ती म्हणाली, “लावते की. पायांना लावते. हातांना लावलं तर बी हातात राहत नाही, सटकते. आणि दहा वाजता घाम सुटला की पायावरचंही गेलं.” मग थोडं थांबून, जणू माझी समजूत काढावी तसं, “सिस्टर चांगली आहे हो. तिला लिहून न्यायचं असतं, मी हो म्हणते.”

आरोग्य केंद्राच्या वहीत या घरापुढं तेल पोचल्याची खूण आहे. ती खोटी नाही. वही बाटल्या मोजते, हात मोजत नाही. आणि मावशी नियम धुडकावतेय असंही नाही. कामाला परवडेल तेवढा नियम ती पाळतेय. सैनिकाला पायात बूट असतात, अंगभर कपडे असतात, आणि काजूची बी पिळायची नसते.

उभा कार्यक्रम म्हणजे काय

सार्वजनिक आरोग्यात एक शब्द आहे, ‘उभा कार्यक्रम’. एकच रोग निवडायचा, त्याच्यासाठी वेगळी माणसं, वेगळा पैसा, वेगळं उद्दिष्ट, आणि हुकूम राजधानीतून थेट गावात. याच्या उलट ‘आडवा’, म्हणजे गावात एक चांगलं आरोग्य केंद्र, जे ताप, बाळंतपण, सर्पदंश, सगळं बघतं. उभा कार्यक्रम म्हणजे पाण्याचा टँकर. लवकर येतो, वाजतगाजत येतो, फोटो चांगला येतो. आडवा म्हणजे गावची विहीर. खणायला वर्षं लागतात आणि उद्‌घाटनानंतर तिच्याकडे कुणी फिरकत नाही.

टँकर वाईट नसतो. देवीचा रोग आपण टँकरनंच संपवला; भारतात त्याचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. (आजही आमच्याकडची म्हातारी माणसं लस टोचण्याला ‘देवी काढणं’ म्हणतात.) पण मलेरियाची कथा ऐका. १९५३ मध्ये देशभर डीडीटी फवारणीचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत होता. १९६५ च्या सुमारास तो आकडा लाखावर आला. विजय जाहीर व्हायचाच बाकी होता. फवारणी ढिली पडली, डासांना डीडीटी पचू लागलं, आणि गावात रोज ताप बघणारं केंद्र नव्हतं. १९७६ मध्ये रुग्ण चौसष्ट लाखांवर गेले. टँकर निघून गेला होता आणि विहीर खणलेलीच नव्हती. खरं तर १९४६ मध्येच भोर समितीनं विहीर खणा असं सांगितलं होतं.

गोव्याची गोष्ट थोडी निराळी. इथं १८४२ पासून वैद्यकीय शाळा आहे, आजच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची, गोमेकॉची, पूर्वज. तिथून शिकलेले कितीतरी डॉक्टर पोर्तुगिजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत पाठवले गेले. पणजीहून मोझांबिकला डॉक्टर जात होता, सत्तरीला मात्र वैद्य आणि गावकार यांच्यावरच निभावून न्यावं लागत होतं. नव्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून घेतलेल्या सत्तरीसारख्या भागांत, सरकारी दवाखाना खऱ्या अर्थानं पोचला तो १९६१ च्या मुक्तीनंतर. त्यानंतर गोव्यानं जे केलं ते देशात उठून दिसणारं आहे, त्यात वाद नाही. पण दवाखान्याला यायला बस आहे म्हणून दवाखाना घरापर्यंत आला असं होत नाही. २००५ नंतर देशभर गावोगाव आशा सेविका नेमल्या गेल्या. त्या योजनेबाहेर राहिला तो गोवा. दारात जायचं काम अंगणवाडीच्या बाई आणि आरोग्य केंद्राची सिस्टर यांच्यावर आलं, आणि त्यांच्याकडे आधीच दहा वह्या भरायच्या असतात.

‘पण सगळं फुकट दिलंय ना?’

फुकट म्हणजे काउंटरवर पैसे घेत नाहीत, एवढंच. लशीचं उदाहरण घ्या. माकडतापाची जुनी लस एका टोचण्यात भागणारी नव्हती. महिन्याच्या अंतरानं दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी तिसरा, मग पुढची काही वर्षं दरवर्षी एक. टोचलेली जागा दुखायची, सुजायची. दोन डोस घेतल्यावर संरक्षण साठ टक्क्यांच्या आसपास, तिसऱ्यानंतर त्याहून वर. म्हणजे घेणाऱ्यांपैकी काहींना घेऊनही ताप येणार, आणि तो आला की शेजारी म्हणणार, बघ, टोचून घेऊन काय मिळालं?

आता हिशेब मांडा. एक डोस म्हणजे अर्धा दिवस केंद्रात, उरलेला अर्धा दुखऱ्या दंडानं. तीन डोस म्हणजे तीन रोज. रोजावर जाणाऱ्याला तो खिशातून भरलेला पैसाच आहे. पगारी नोकरदाराला मात्र ही लस खरोखर फुकट पडते. तो रजा टाकतो. एकच कार्यक्रम, दोघांना दोन दरांत. पुढं ही जुनी लस बंदच झाली आणि नव्या लशीचं काम भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं हाती घेतलं. नवी येईल तेव्हा तिचं संरक्षण किती हे सगळे विचारतील. डोस किती आणि दंड किती दिवस दुखतो, हे मावशी विचारेल. तिचा प्रश्न कमी शास्त्रीय नाही.

डोंगर कुणाचा?

इथं मी सुरुवातीला थांबा म्हटलं होतं तो भाग येतो.

माकडताप आटोक्यात ठेवायचा तर मेलेल्या माकडाची खबर लवकर मिळायला हवी. खबर आली की आरोग्य खात्याचे लोक त्या जागेभोवती कीटकनाशकाची भुकटी मारतात, लोकांना तिथं जाऊ नका म्हणून सांगतात, नमुने पाठवतात. मेलेलं माकड ही धोक्याची घंटा. ती वाजवणार कोण? जो रानात जातो तो. आणि तो वाजवायला का कचरतो हे समजायला सत्तरीची जमीन समजून घ्यावी लागते.

काजू मुळात पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला. सत्तरीतल्या डोंगरांवर तो पिढ्यान्‌पिढ्या लावला गेला, पण डोंगर कागदावर कुणाचा हे सरळ नाही. कुठं मोकाशांची, म्हणजे इनामदारांची, मालकी, कुठं पोर्तुगीज काळात लागवडीसाठी दिलेले आल्वारा पट्टे, कुठं कुमेरीची, म्हणजे फिरत्या शेतीची, वहिवाट, आणि बऱ्याच ठिकाणी आज सरकारी वन. १९९९ मध्ये म्हादई अभयारण्य जाहीर झालं. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे कितीतरी दावे लोंबकळत राहिले. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीला चार वाघ विष घालून मारले गेले आणि गावातली माणसं अटक झाली. जानेवारी २०२१ मध्ये मेळावलीत आयआयटीसाठी मोजणी करायला पोलीस बंदोबस्तात पथकं आली. बायका रस्त्यावर उतरल्या, संघर्ष झाला, शेवटी सरकारनं तिथला प्रकल्प मागं घेतला. तिथंही भांडण काजूच्या बागायतींचंच होतं. २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं व्याघ्रक्षेत्र जाहीर करा असं सांगितलं आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं.

या पार्श्वभूमीवर आरोग्य खात्याचा माणूस दारात येऊन विचारतो, तुम्ही कोणत्या डोंगरावर जाता? किती झाडं आहेत? किती माणसं जातात? त्याला धोक्याचा नकाशा बनवायचाय. ऐकणाऱ्याला ती मोजणी वाटते. खाकी शर्ट आणि पांढरा कोट यांच्यातला फरक मंत्रालयात स्पष्ट असेल, अंगणात दोघंही ‘सरकार’च. मग उत्तर येतं, छे, आम्ही काही जात नाही हल्ली.

मेलेल्या माकडाचंही तेच. माकडं नारळ, केळी, भाजी काही ठेवत नाहीत, शेतकरी त्यांच्यावर वैतागलेला असतो हे सगळ्यांना माहीत आहे. वाघांच्या प्रकरणानंतर आपल्या बागेत मेलेलं माकड आहे हे वनखात्याला स्वतःहून कळवणाऱ्याच्या मनात पहिला विचार कोणता येईल? शिवाय खबर खरी ठरली तर ऐन हंगामात त्याचाच डोंगर बंद. घंटा वाजवल्याची शिक्षा वाजवणाऱ्यालाच होणार असेल, तर ती मुकी राहणार हे सांगायला समाजशास्त्रज्ञ लागत नाही.

राजकारण म्हणताना मला पक्ष, आमदार, भूमिपूजनाचे फलक अभिप्रेत नाहीत. ते असतातच. एखाद्या सल्ल्याची किंमत कुणी मोजायची आणि ते ठरवताना कुणाला विचारायचं, हे माझ्या मते खरं राजकारण. माकडतापाच्या कार्यक्रमात जवळजवळ सगळी किंमत बोंडू वेचणाऱ्यावर टाकलेली आहे आणि तिला ‘जनजागृती’ असं गोंडस नाव आहे.

‘मग सरळ सक्ती करावी’

हे मी सुशिक्षित माणसांकडून जास्त ऐकतो. सक्तीचा अनुभव आपल्याला आहे. पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये गोरे सोजीर घराघरांत, देवघरांत शिरले. पुढं रँडचा खून आणि चापेकर बंधू ही कथा मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. लोक शेवटी प्लेगपेक्षा तपासणीला भिऊ लागले आणि रोगी लपवू लागले.

ते परक्यांचं राज्य होतं म्हणाल, तर स्वतःचं राज्य आल्यानंतरचं उदाहरण गोव्यातलंच आहे. गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक आरोग्य कायदा १९८५ चा. त्यात एचआयव्ही असलेल्या माणसाला अलग ठेवण्याची तरतूद घातली गेली. १९८९ मध्ये डॉमनिक डिसोझा या तरुणाला, जो नेमानं रक्तदान करायचा आणि ज्याच्या रक्तात एचआयव्ही सापडला, पोलिसांकरवी उचलून म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात चौसष्ट दिवस डांबलं. त्याच्या आईनं उच्च न्यायालयात दाद मागितली, न्यायालयानं कायदा वैध ठरवला. एचआयव्ही हवेतून, स्पर्शातून पसरत नाही हे तेव्हाही माहीत होतं. तो अनुभव बघून तपासणीला स्वतःहून कोण पुढं येणार होतं?

पण सक्ती नेहमीच फसते असंही म्हणता येणार नाही, आणि इथं माझं मलाच जरा अडखळायला होतं. बांधकामावर बाहेरून येणाऱ्या कामगारांना याच कायद्याखाली मलेरियाची तपासणी आणि आरोग्य कार्ड बंधनकारक केलं गेलं. गोव्यातला मलेरिया पुढं खूपच कमी झाला, आणि त्यात या कार्डाचाही वाटा आहे असं मला वाटतं. फरक इतकाच दिसतो की तिथं कागदावर तरी जबाबदारी ठेकेदारावर होती. कार्ड नसेल तर जाब त्याला विचारायचा. आता रांगेत उभा राहणारा कामगारच असतो आणि बुडालेला रोज त्याला मिळतो का, हा प्रश्न उरतोच. तरी किंमत कुणी द्यायची याचं काहीतरी उत्तर त्या नियमात होतं.

माकडतापात हे लागू करता येईल का? काजूची पावणी सरकारच घेतं. बोली लावणारा, भाटीवाला, बागेचा मालक, सगळे नोंदलेले आहेत. पावणीच्या अटींत वेचणाऱ्यांसाठी गमबूट आणि अंगभर कपडे घालायला काय हरकत आहे? तेल हातांना लागत नसेल तर हातमोजे वापरून बी पिळता येते का, हे भाटीवर चार बायकांना देऊन आधी बघायला काय हरकत आहे? मला तरी सापडली नाही.

‘लोकांना शिकवायचं नाही का मग?’

शिकवा ना. पण आधी काय येतं ते विचारा. सत्तरीतल्या कोणत्याही गुराख्याला गोचीड कुठं जास्त असते, कोणत्या पाणवठ्याशी, पाऊस लांबला की काय होतं, हे तोंडपाठ आहे. त्याला विषाणूचं चित्र दाखवण्याआधी त्याच्याकडून रानाचं चित्र काढून घेतलं, आणि ते मोजणीसाठी वापरणार नाही असं ग्रामसभेत लिहून दिलं, तर आरोग्य खात्याला फुकटात नकाशा मिळेल. मेलेल्या माकडाची खबर द्यायला वनखात्याऐवजी अंगणवाडीच्या बाईंचा नंबर ठेवला, आणि डोंगर बंद केल्यास तेवढ्या दिवसांची भरपाई लिहून ठेवली, तर घंटा वाजेल. पैसे लागतील. पण एका रुग्णाला आठवडाभर अतिदक्षता विभागात ठेवायलाही पैसे लागतातच, आणि तेही सरकारच भरतं.

हे होईल तेव्हा होईल. तोवर या हंगामातलं एक काम. काजूच्या दिवसांत एकदम ताप चढला आणि डोकं ठणकायला लागलं, तर केंद्रात गेल्यावर ‘ताप आहे’ एवढंच सांगू नका. पहिलं वाक्य हे सांगा की मी काजूच्या डोंगरावर जातो, कधीपासून जातो, आणि तिथं माकड मेलेलं दिसलं होतं का. डॉक्टर नवीन असेल, बांबोळीच्या गोमेकॉकडचा असेल, त्याच्या डोक्यात आधी डेंग्यूच येईल. मावशीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, “आणि कोणता डोंगर, ते सांगावं लागेल?” मी म्हटलं, नाही, तेवढं सांगू नकोस.